डिस्क प्लेयर घेताना आधी त्याची पाठ बघा

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत घर आवरण्यावर लेख आला होता, त्यात एक ओळ होती की जुन्या सीडी-डीव्हीडी भंगारात देऊन टाका, आता सगळं ऑनलाइन मिळतं. ती ओळ आमच्याकडे सकाळच्या चहाला मोठ्याने वाचून दाखवली गेली, आणि ती पण माझ्याकडे बघत बघत. म्हणून हे पत्र लिहितोय, थोडं लांबेल, कात्री लावायची तर लावा.

माझ्याकडे दोन खोकी भरून डिस्क आहेत. त्यात वडिलांनी जमवलेल्या नाटकांच्या व्हीसीडी (डीव्हीडीच्या आधीच्या, चित्र भरलेल्या सीडी), मोझर बेअर कंपनीने २००७ च्या सुमारास २८ रुपयाला व्हीसीडी आणि ३४ ला डीव्हीडी विकायला सुरुवात केली तेव्हा भाजी घेतल्यासारख्या पिशवी भरून आणलेले पिक्चर, मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस २०१६ ला बंद झालं त्याच्या जरा आधी मुद्दाम जाऊन घेतलेल्या गझलांच्या सीडी, आणि न्यू जर्सीच्या भाचीने वेळोवेळी आणलेल्या वीसेक ब्लू-रे, म्हणजे डीव्हीडीपेक्षा स्वच्छ चित्राच्या डिस्क. यातली नाटकं मी ऑनलाइन शोधली, निम्मी सापडली नाहीत आणि जी सापडली ती कोणीतरी टीव्हीसमोर मोबाइल धरून काढल्यासारखी.

दुसरं म्हणजे क्वालिटी. नेटफ्लिक्स फोर-केसाठी, म्हणजे फुल एचडीच्याही वरच्या बारीक चित्रासाठी, १५ एमबीपीएसचं (सेकंदाला १५ मेगाबिट) नेट पुरे म्हणतं, आणि साध्या ब्लू-रे डिस्कवर नुसत्या चित्रालाच ४० एमबीपीएसपर्यंत जागा असते. आवाजाची कथा तीच, ऑनलाइनवाले तो दाबून-चेपून पाठवतात. फरक कळतो का? टीव्हीच्या स्पीकरवर नाही कळत. पण पाच स्पीकर आणि एक सबवूफर लावून बसलात तर पावसाच्या सीनला नक्की कळतो.

आता मुद्द्यावर येतो. माझा जुना डीव्हीडी प्लेयर दिवाळीनंतर गेला आणि नवीन घ्यायला मी पुण्याच्या तपकीर गल्लीपासून, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारापासून, सुरुवात केली. पहिल्या दुकानात हसले, "काका, हे कोण घेतं आता?" दुसऱ्यात एक खोका दाखवला, स्वस्त डीव्हीडी प्लेयर, वर चमकीच्या अक्षरात फुल एचडी. अहो, डीव्हीडीत मुळातच ७२० गुणिले ५७६ म्हणजे चार लाखांच्या आसपास ठिपके, फुल एचडीला वीस लाखांच्या वर लागतात. उरलेले तो प्लेयर अंदाजाने भरतो, आणि तेच काम तुमचा टीव्ही पण करतोच, बऱ्याचदा त्याच्यापेक्षा चांगलं. त्या स्टिकरचे पैसे देऊ नका. थोडे जास्त टाकून साधा ब्लू-रे प्लेयर घ्या, तो डीव्हीडी लावतो, बहुतेक वेळा सीडी पण लावतो, आणि भाचीने ब्लू-रे आणली तर तीही चालते. मला साधारण साडेसात हजाराला पडला.

पण तो माझा दुसरा. पहिला ऑनलाइन मागवला होता, कुठल्या कंपनीचा ते सोडून द्या, आणि त्याने वडिलांच्या व्हीसीडी तोंडातच घेतल्या नाहीत. आत घ्यायचा, दोन मिनिटं घरघर करायचा आणि परत बाहेर. बॉक्सवर डीव्हीडी, सीडी, यूएसबी सगळ्यांचे शिक्के होते आणि मी धरून चाललो की सगळं चालतं तर व्हीसीडी चालणारच, ती तर सगळ्यात साधी. तसं नसतं. कंपन्यांनी व्हीसीडीचा सपोर्ट बऱ्याच मॉडेलमधून काढून टाकलाय कारण युरोप-अमेरिकेत ती फारशी कधी चाललीच नाही, आपल्याकडे आणि आशियातच घरोघरी होती. म्हणून सांगतो, दुकानात जाताना खिशात घरच्या तीन डिस्क ठेवा, एक व्हीसीडी, एक डीव्हीडी आणि एक घरी राइट केलेली, आणि तिथेच लावून बघा. दुकानदार कुरकुर करतो, करू दे.

आता प्लेयर उलटा करा आणि पाठ बघा, कारण खरी गोची तिथे आहे. माझा ॲम्प्लिफायर २००४ चा, सेकंडहँड, दणकट, पण त्याला एचडीएमआय (चित्र आणि आवाज एकाच वायरने नेणारी खाच) नाही. आवाजासाठी ऑप्टिकल (प्रकाशाची वायर) आणि केशरी रंगाचं गोल कोएक्सियल (तांब्याची वायर) एवढंच. हल्लीच्या काही स्वस्त प्लेयरला मागे नुसतं एचडीएमआय असतं. मग लोक सांगतात की प्लेयर टीव्हीला जोडा आणि टीव्हीच्या ऑप्टिकलमधून आवाज ॲम्प्लिफायरला द्या. ऐकायला सोपं वाटतं, पण बरेच टीव्ही एचडीएमआयने आलेला ५.१ म्हणजे पाच स्पीकर आणि सबवूफरचा आवाज ऑप्टिकलमधून पुढे देताना दोन चॅनेलचा करून टाकतात, आणि काही टीव्हींना डीटीएस (डॉल्बीसारखीच आवाज भरायची एक पद्धत) कळतच नाही, तिथे तर एकदम शांतता. म्हणजे ॲम्प्लिफायर जुना असेल तर प्लेयरला कोएक्सियल किंवा ऑप्टिकल पाहिजेच, आणि ॲम्प्लिफायरला एचडीएमआय असेल तर प्लेयर सरळ त्याला जोडा, टीव्हीला मध्ये घेऊच नका. ऑप्टिकल-कोएक्सियलवर ब्लू-रेचा तो सगळ्यात भारी, न दाबलेला सराउंड आवाज जात नाही, साधा डॉल्बी आणि डीटीएस जातो. पण माझ्या बारा बाय पंधराच्या हॉलमध्ये त्याने काही अडलं नाही.

इथे माझी स्वतःची एक फजिती. नवीन प्लेयर आणला, केशरी वायर लावली आणि तीन आठवडे मागचे स्पीकर मुके. वायर बदलली, स्पीकर उघडला, इलेक्ट्रिशियनला बोलावून दोनशे रुपये दिले. शेवटी शेजारच्या कॉलेजातल्या मुलाने प्लेयरचा मेनू उघडला आणि डिजिटल ऑडिओच्या सेटिंगमध्ये पीसीएम (प्लेयरनेच आवाज उलगडून देणं) होतं ते बिटस्ट्रीम (डिस्कवरचा आवाज तसाच ॲम्प्लिफायरला देणं) केलं, झालं. पीसीएम असेल तर त्या वायरवरून फक्त दोनच चॅनेल जातात. तिथेच खाली ब्लू-रेचं ऑडिओ मिक्स म्हणून (मेनूचे वगैरे आवाज मूळ आवाजात मिसळणारं) एक सेटिंग असतं, तेही बंद ठेवा. ही गोष्ट माहितीपुस्तिकेत बारीक अक्षरात आहे, मी आता भिंग घेऊन वाचली.

बाहेरून डिस्क येत असतील तर रीजनचं, म्हणजे डिस्क कुठल्या देशांत चालेल त्या कुलपाचं, लक्षात ठेवा. डीव्हीडीला आपण ५ मध्ये आणि अमेरिका १ मध्ये, ब्लू-रेला आपण सी आणि अमेरिका ए. डीव्हीडीचं रीजन काही प्लेयरमध्ये रिमोटने काढता येतं, ब्लू-रेचं सहसा नाही. सगळ्याच डिस्कना कुलूप असतं असं नाही, म्हणून भाचीला आता सांगून ठेवलंय की डब्याच्या मागे ए बी सी तिन्ही असतील तरच घे. ती बिचारी एकदा तिकडून अख्खा प्लेयरच आणणार होती, तिकडे स्वस्त असतो म्हणून. मी फोनवर म्हटलं, बाई, त्याच्या मागे काय लिहिलंय वाच. १२० व्होल्ट. आपल्या २३० च्या प्लगमध्ये घातला असता तर आवाज आला असता पण एकदाच.

मुलाचा जुना प्लेस्टेशन, तो गेम खेळायचा डबा, पडला असेल तर तोही ब्लू-रे आणि डीव्हीडी लावतो, वेगळा प्लेयर कशाला, असं मलाही वाटलं होतं. पण प्लेस्टेशन ४ आणि ५ दोघांनाही गाण्याची साधी सीडी चालत नाही, म्हणजे माझ्या गझला गेल्या. आणि फोर-केच्या डिस्कवाला प्लेयर घ्यायचा तर तिप्पट-चौपट पैसे, शिवाय त्या डिस्क आपल्याकडे मिळणं कठीण. टीव्ही ४३ इंची असेल तर मी तरी त्या वाटेला जाणार नाही, कोणी गेलं तर एक दिवस त्याच्याकडे जाऊन बघेन.

एक मात्र खरं की प्लेयर बनवणारेच कमी होत चाललेत. ओप्पोने २०१८ ला प्लेयर बनवणं बंद केलं, सॅमसंगने २०१९ ला अमेरिकेत नवीन मॉडेल काढणं थांबवलं, एलजी पण २०२४ ला बाहेर पडली. मोझर बेअर तर २०१८ लाच अवसायनात गेली. म्हणून जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी एखादा बरा प्लेयर दिसला तर सोडू नका, फक्त ट्रे दोन-चारदा आतबाहेर करून बघा आणि ड्युअल लेयरची (दोन थरांची) डीव्हीडी शेवटपर्यंत जाते का ते बघा, थकलेली लेन्स बहुतेक दुसऱ्या लेयरला दगा देते. रिमोट नसेल तर घेऊच नका, सेटिंगचे मेनू रिमोटशिवाय उघडत नाहीत.

आता एक काम आहे, त्यासाठीच खरं तर तुम्हाला लिहायला बसलो. धाकट्या भावाच्या लग्नाची डीव्हीडी, २००६ ची, फोटोग्राफरने रेकॉर्डरवर थेट भरलेली, पण फायनलाइज करायची, म्हणजे शेवटी बंद करून इतर प्लेयरना वाचता येईल अशी करायची, राहून गेली. त्यामुळे ती कुठल्याच प्लेयरवर उघडत नाही, कॉम्प्युटरवर पण रिकामी दाखवते, आणि उन्हात तिरकी धरली की तीन चतुर्थांश भरलेली स्पष्ट दिसते. ज्याच्यावर भरली तसलाच रेकॉर्डर मिळाला तर फायनलाइज होईल असं दोघातिघांनी सांगितलं. फोटोग्राफर वारले, दुकान गेलं. आई त्यात चालताना आहे. पुण्यात किंवा आसपास कुणा वाचकाकडे चालू स्थितीतला डीव्हीडी रेकॉर्डर माळ्यावर पडला असेल तर तुमच्या कार्यालयाकडे कळवावं, मी डिस्क घेऊन त्यांच्या घरी येईन.

आपला जुना वाचक,
कर्वेनगर, पुणे