पिकअपच्या इंजिनाविषयी रावेरच्या मित्रास पत्र

भुसावळ

प्रिय नाना,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. केळीची कापणी जोरात असताना पिकअप दारात उभी राहावी, याचे मला मनापासून वाईट वाटले. रेडिएटरचा पाइप फुटल्यावर गाडी तशीच सावद्यापर्यंत ओढल्यामुळे हेड (सिलिंडरांवरचे झाकण) वाकले आणि एका सिलिंडरला तडा गेला, हे तुझ्या फिटरचे निदान मला पटते. आपल्याकडच्या वैशाखातल्या उन्हात पाण्याविना इंजिन फार वेळ तग धरत नाही. आता भंगारवाल्याकडे त्याच मॉडेलचे, पण बीएस-३ चे (भारत स्टेज या प्रदूषण-मानकांच्या आधीच्या टप्प्याचे) इंजिन अर्ध्या किमतीत मिळते आहे आणि ते तुझ्या २०१८ च्या बीएस-४ गाडीत बसेल का, असे तू विचारले आहेस. घाईत उत्तर देण्यासारखा हा प्रश्न नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

बसण्यापुरते म्हणशील तर ते बहुधा बसेल. माउंटिंग, बेल हाउसिंग, क्लच आणि गिअरबॉक्सची जोडणी एकाच मॉडेलच्या दोन पिढ्यांत पुष्कळदा तीच राहते, आणि फिटर मंडळी त्याच भरवशावर ‘होऊन जाईल’ म्हणतात. खरा फरक इंजिनाच्या अंगावर लावलेल्या सामानात असतो. तुझ्या इंजिनाच्या एक्झॉस्टमधून एक नळी निघते, ती कूलरमधून आणि ईजीआर (धूर परत फिरवणाऱ्या) व्हॉल्व्हमधून पुन्हा इनटेककडे, म्हणजे हवा आत घेण्याच्या वाटेकडे, जाते. जळलेला धूर थोडासा परत आत गेला की सिलिंडरमधला ऑक्सिजन कमी होतो, जळण्याचे तापमान उतरते आणि नायट्रोजनची विषारी ऑक्साइडे कमी तयार होतात. बीएस-३ इंजिनात ही व्यवस्था एकतर नसते किंवा असली तरी बरीच साधी असते. तुझ्या वजनाच्या मालवाहू डिझेल गाडीसाठी या ऑक्साइडांची मर्यादा बीएस-३ मध्ये किलोमीटरला ०.७८ ग्रॅम होती, ती बीएस-४ मध्ये ०.३९ वर आणली, म्हणजे थेट निम्मी केली. काजळीची मर्यादाही ०.१० वरून ०.०६ ग्रॅमवर आली. तो कूलर, तो व्हॉल्व्ह आणि सायलेन्सरच्या आधीची कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची जाळी यांच्या जोरावरच हे साधले आहे.

शिवाय तुझ्या गाडीचा ईसीएम (इंजिन चालवणारा संगणक) आणि वायरिंग बीएस-४ चे आहे. हवा किती आली, ईजीआर किती उघडला, क्रँक कोणत्या कोनात आहे, हे सगळे तो क्षणोक्षणी विचारत असतो. जुन्या इंजिनाच्या क्रँकमागच्या दातेरी चकतीचे दाते वेगळे निघाले, तर गाडी सुरूच होणार नाही. इंजेक्टर तर नीट पाहा: डोक्यावर बारीक अक्षरांत एक कोड कोरलेला असतो, तो स्कॅनरने ईसीएममध्ये भरावा लागतो; न भरता इंजेक्टर बदलले, की गाडी धडधडते आणि चढाला काळा धूर सोडते. पिस्टनच्या डोक्यावरचा खळगा, कॉम्प्रेशन आणि हेडमधले मार्गही दोन पिढ्यांत वेगळे असू शकतात, त्यामुळे ‘ब्लॉक जुना, बाकी सामान माझे’ ही तडजोडसुद्धा मोजमाप जुळवल्यावाचून करता येत नाही.

तुझा फिटर यावर उपाय सांगेल, तोही मला ठाऊक आहे: ईजीआरला पत्रा मारायचा, जाळी काढून टाकायची, आणि डॅशबोर्डवरचा दिवा सॉफ्टवेअरने विझवायचा. नाना, हे तू करू नकोस, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पूर्वी डिझेलमधल्या गंधकाने जाळी खराब होते, असे कारण सांगितले जाई. पण २०२० पासून देशभर १० पीपीएम (दहा लाख भागांत दहा भाग) गंधकाचे डिझेल मिळते, तेव्हा त्या सबबीत आता दम नाही. जाळीत प्लॅटिनमसारखे मौल्यवान धातू असतात, म्हणून ती काढून घेण्याची घाई अनेकांना असते, हेही लक्षात ठेव. पीयूसीच्या वेळी डिझेल गाडीचा फक्त धूर मोजतात. नायट्रोजन ऑक्साइडे तिथे कुणी मोजत नाही. पण शेताच्या बांधावर इंजिन चालू ठेवून घड भरले जातात, तेव्हा गाडीच्या मागे उभी असलेली आपलीच मजूर माणसे ती हवा ओढत असतात. मला या सगळ्यात हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते.

धुराच्या बाबतीतही जुने इंजिन तुला अडचणीत आणेल. बीएस-४ डिझेल गाडीसाठी पीयूसीची मर्यादा (धूर प्रकाश किती अडवतो, त्या मापात) १.६२ आहे, त्याआधीच्या गाड्यांना २.४५. तुझ्या आरसीवर बीएस-४ असल्यामुळे तुला १.६२ चीच कसोटी लागेल, मग बॉनेटखाली कोणतेही इंजिन असो.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलण्यापूर्वी आरटीओची मंजुरी लागते आणि बदलल्यावर १४ दिवसांत कळवून आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. आरसीवरचा इंजिन नंबर जुळला नाही, तर अपघातानंतर विम्याचा दावाही अडकतो. म्हणून इंजिन कुठूनही घे, पण इंजिन नंबर लिहिलेले बिल आणि ते ज्या गाडीतून काढले तिचे कागद घेतल्याशिवाय घेऊ नकोस.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याचा याबाबतचा नियम मला फार योग्य वाटतो. तिथे बदललेले इंजिन गाडीच्या वर्षाचे किंवा त्याहून नवे असावे लागते, आणि त्या इंजिनाबरोबर आलेले प्रदूषणरोधक सामान पूर्णच्या पूर्ण बसवावे लागते. मग सरकारमान्य तपासनीस एकेक नळी पाहून शिक्का देतो. म्हणजे नव्या गाडीत जुने इंजिन उतरवण्याची वाटच बंद. आपल्या कायद्याची रचना वेगळी आहे, पण आपण स्वतःपुरती हीच शिस्त पाळावी, असे माझे मत आहे.

आता माझा सल्ला. पहिली पसंती तुझ्याच इंजिनाला. तडा केवळ सिलिंडरच्या भिंतीत असेल आणि पाण्याच्या जॅकेटमधून बाहेर गेला नसेल, तर जळगावच्या मशिन शॉपमध्ये स्लीव्ह (सिलिंडरच्या आत नवी नळी) बसवून, हेड फेस करून, म्हणजे घासून सपाट करून, तेच उभे राहू शकते. नंबर तोच राहतो, कागदांची कटकट उरत नाही, आणि ईजीआर, सेन्सर, इंजेक्टर सगळे मूळचेच लागते. ब्लॉक निकामी ठरला तरच त्याच मॉडेलचे बीएस-४ इंजिन शोधू, भले ते महाग पडो. दोन्ही परिस्थितींत जुनी जाळी आणि ईजीआर कूलर आधी तपासून घ्यायचे. हेड गेल्यावर कूलंट आणि ऑइल एक्झॉस्टमध्ये उतरते, आणि तुंबलेल्या जाळीमागे नवे इंजिनही घुसमटते.

भंगारवाल्याला अजून इसार दिला नसशील, तर देऊ नकोस. हेड उतरवून ब्लॉक घासलेटाने स्वच्छ पुसून ठेव आणि आरसीची प्रत जवळ ठेव. मी रविवारी सकाळच्या गाडीने रावेरला येतो. येताना तडा तपासायचा लाल रंगाचा स्प्रे आणि स्कॅनर दोन्ही आणतो. तोवर माल नेण्यासाठी माझी गाडी हवी असेल तर निःसंकोच कळव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा बालमित्र