तेच तीन प्रश्न

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर वैतागली होतीस. "बाबा, या प्रवाशांच्या हॉस्टेलमध्ये जो भेटतो तो तेच विचारतो. कुठून आलीस, किती दिवस आहेस, पुढे कुठे?" दोन-तीन आठवड्यांत हे डोक्यात जाणारच. मी फिरायचो तेव्हा माझ्याही जायचं. एकदा कंटाळून मी एकाला भलत्याच गावाचं नाव ठोकून दिलं, तर तो नेमका तिथलाच निघाला! पुढचे दोन दिवस त्याला चुकवत काढले.

त्या प्रश्नांतून कुणाचं काही कळत नाही, हे तुझं खरं आहे. पण म्हणून बेडचा पडदा ओढून फोनमध्ये डोकं घालून बसू नकोस. स्वयंपाकघरात जा. शेगडी एक, पातेली चार, सुरीला धार नाही आणि झाकण कुणी नेलं कुणास ठाऊक. "मीठ आहे का?" एवढ्यावरून सुरू झालेलं बोलणं भांडी घासून होईपर्यंत थेट घरच्या भांडणांपर्यंत पोचतं. हात कामात असले की माणूस मोकळा बोलतो.

हॉस्टेलात असं एकत्र राहण्याची तऱ्हा जुनी आहे. रिचर्ड शिरमान हा जर्मन शिक्षक 1909 साली मुलांना घेऊन पायी सहलीला गेला होता. वादळात सापडले, रात्र एका शाळेत पेंढ्यावर काढावी लागली. मुलं झोपली, हा मात्र विचार करत जागा: सुट्टीत गावोगावच्या शाळा रिकाम्याच असतात, तिथे फिरणाऱ्या मुलांची सोय का करू नये? 1912 साली जर्मनीतल्या आल्टेना गावच्या किल्ल्यात पहिलं कायमचं यूथ हॉस्टेल उभं राहिलं. तिथे तीनमजली लाकडी बंक होते. तू दोनमजलीवर कुरकुरतेस! पुढे कित्येक हॉस्टेलांत झाडलोट नि भांडी पाहुण्यांकडेच असायची. बहुतेक ठिकाणी ते बंद झालं, याचं मला थोडं वाईटच वाटतं.

घोरणाऱ्यावर चिडू नकोस, त्याच्या हातात नसतं. पहाटे साडेचारला प्लास्टिकच्या पिशव्या चुरचुरवणाऱ्याच्या मात्र हातात असतं. (तो मीही होतो. कुणीतरी उशी फेकून मारली.) लवकर निघायचं असेल तर बॅग रात्रीच भर. लॉकरला कुलूप स्वतःचं लाव. फ्रिजमधल्या पिशवीवर नाव आणि निघायची तारीख लिही, नाहीतर कुणीतरी बेवारस समजून फेकून देईल. आणि बेडवर सामान टाकण्याआधी गादीच्या शिवणी नीट बघ. काळे ठिपके दिसले तर ढेकूण समज आणि खोली बदलून माग. तिथे भीड नको.

हो, एक राहिलंच. तुझ्या खालच्या बेडवरच्या आजी रोज रात्री वहीत काहीतरी लिहितात म्हणालीस, ते काय असतं, कळलं का? माझ्या डोक्यात दोन दिवस तेच घोळतंय. थेट विचारू नकोस हं. त्यांच्याबरोबर भांडी पुसायला उभी राहा.

तुझा,
बाबा