आकडा तोच आहे, बाबा

ती. बाबा आणि आई,
सा. न.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "12 वर्षांत पेन्शन एका पैशानेही कमी झालेली नाही." खरंय. वाढलेलीही नाही, ते मात्र गिळलंत. भाव दरवर्षी 6 टक्क्यांनी चढले तर 12 वर्षांत दुप्पट होतात. पेन्शन तेवढीच, पण तिच्यात येतं निम्मंच.

माझ्या 5 टक्के वाढीवर तुम्ही खूश झालात, म्हणून तेव्हा बोलले नाही. महागाई 6 टक्के असेल तर 100 चे 105 होऊनही ही जवळजवळ एक टक्क्याची पगारकपातच झाली. पत्रावर 'अभिनंदन' छापलेलं असतं, एवढंच.

हे गणित मी तुमच्याकडूनच शिकले की! युनियनच्या वाटाघाटीत "भत्ता महागाईच्या निर्देशांकाला जोडा" म्हणून अडून बसलेले तुम्हीच. निर्देशांक आधी चढतो, भत्ता मागून लंगडत येतो, आणि मधल्या महिन्यांची थकबाकी मागितल्याशिवाय कुणी देत नाही, हेही तुमचंच. मागणी तरी कुठे नवी आहे? 1780 साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सने सैनिकांच्या थकलेल्या पगाराचे रोखे दिले, त्यांची रक्कम मका, गोमांस, लोकर आणि चामड्याच्या भावांना बांधलेली होती. दुसऱ्यांच्या पगारासाठी भांडलात आणि स्वतःच्या पेन्शनपाशी गप्प बसलात. का, ते मला अजून कळलेलं नाही.

बरं, निर्देशांक सरासरी घराचा असतो. तुमच्या घरात औषधांचा वाटा सरासरीपेक्षा मोठा, त्यामुळे पेन्शन त्याला जोडली तरी थोडी कमीच पडेल. पण जोडलेली तरी असेल.

गेल्या वेळी आले तेव्हा आईची हिशेबाची वही चाळली. रागावू नकोस, आई. 'चष्म्याची काच' तीन महिने लागोपाठ लिहिलीयस आणि तिन्ही वेळा खोडलीयस. तिसऱ्यांदा तर पेन इतकं दाबलंयस की मागच्या पानावर वळ उठलाय.

बाबा, पेन्शनच्या आदेशात फेरआढाव्याचं कलम आहे का, तेवढं बघा. निवृत्तांचा एकत्र अर्ज जातोय, तो तुमच्या टेबलावर सहीविना पडून आहे. "आपलं भागतंय" म्हणून तो बाजूला सारू नका. भागत नाहीये.

आणि आई, चष्म्याचा नंबर मला कळव. बाबांना विचारत बसू नकोस.

तुमची,
धाकटी