मृत्यूच्या नोंदीतला ‘व्यवसाय’

संपादक महोदय,

गेल्या महिन्यात वयाच्या ८४व्या वर्षी माझ्या आजीचे निधन झाले. मृत्यूची नोंद करताना अर्जातील ‘व्यवसाय’ या रकान्यापाशी आलो, तेव्हा समोरच्या कर्मचाऱ्याने मान वर न करता ‘काही नाही’ असे लिहिले, आणि ते मनाला फार लागले. पहाटे चुलीपुढे बसलेली, मग पाणी, गोठा, लेकरे आणि खुरपणी उरकून दिवेलागणीला पुन्हा चुलीपुढे येणारी आजी मी पाहिली आहे. खुरप्याच्या मुठीने तिच्या उजव्या तळहाताला पडलेला घट्टा अखेरच्या आजारपणातही गेला नव्हता. जमीन मात्र आयुष्यभर आजोबांच्याच नावावर राहिली.

हा प्रश्न आमच्या एका घरापुरता नाही. २००१च्या जनगणनेत गृहिणींना भिकारी व कैद्यांसोबत अनुत्पादक गटात बसवल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये तीव्र नापसंती व्यक्त केली होती. २०१९च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात तर असे दिसले की, घरातील बिनमोबदला कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांना दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे देतात आणि अशी कामे करणारे पुरुष ९७ मिनिटे.

म्हणून २०२७च्या जनगणनेसाठी दारी येणाऱ्या प्रगणकांना माझी कळकळीची विनंती आहे की, बाईच्या कामाची माहिती घरातल्या पुरुषाकडून न घेता तिच्याकडूनच घ्यावी, आणि शेतात व गोठ्यात ती काय काय करते हे थांबून, नेमकेपणाने विचारावे. माझ्या आजीला तसे कधी कुणी विचारले नाही.

– आपला एक वाचक