आई-बाबा, मशीन गुरुवारी येतंय

ती. आई आणि बाबा,

शि. सा. न. वि. वि. (बघा बाबा, विसरले नाहीये.)

फोनवरच सांगणार होते, पण फोनवर बाबा "बरं बरं, ठेव आता, बातम्या लागल्यात" म्हणतात आणि आई स्पीकर चालू ठेवून कुकर लावते, त्यामुळे लिहूनच पाठवतेय. आई, तू मोठ्याने वाच. मधे थांबू नका, शेवटपर्यंत वाचा आणि मग काय चिडायचं ते चिडा.

तर, मशीन घेतलंय. सीपॅपचं, म्हणजे झोपेत श्वास अडू नये म्हणून नाकात दाबाने हवा सोडणारं. पैसे भरून झालेत, गुरुवारी कुरिअरने घरी येईल. डॉक्टरांना न विचारता घेतलंय, म्हणजे विचारलं होतं, पण ते म्हणाले तसं नाही घेतलं. किंमत आत्ता विचारू नका, सांगते नंतर.

बाबा, तुम्ही म्हणाल घोरण्यासाठी कुणी मशीन लावतं का. मला पण असंच वाटायचं. लहानपणी तर तुमचं घोरणं म्हणजे आम्हाला तुम्ही घरात आलात याची खूण होती. रात्रपाळी संपवून तुम्ही कधी यायचात ते कळायचं नाही, पण पहाटे अर्धवट जाग आली आणि आतून तो आवाज आला की दादा म्हणायचा "आले", आणि आम्ही परत झोपायचो. मला अजून डिझेलचा आणि त्या हिरव्या साबणाचा वास आठवतो. घोरणं हा आजार आहे असं त्या घरात कुणाच्या डोक्यात आलंच नाही, उलट "बाबा घोरले की भिंतीवरची पाल पळते" हा आपला जोक.

पण या दिवाळीत पोरं आत झोपली म्हणून तुम्ही दिवाणावर आणि मी खाली गादीवर होते. आणि आई स्वयंपाकघरात ओट्यापाशी, का तर "मला तिथं गार वाटतं". दिवाळीत गार वाटायला पाहिजे, आई! असो. दोन वाजता मला जाग आली ती आवाजाने नाही, आवाज थांबल्याने. बाबांची छाती हलत होती, पोट हलत होतं, पण नाकातोंडातून काहीच येत नव्हतं, बाहेरून कुणी दार ओढून धरावं आणि आतला माणूस ढकलतोय तसं. मी मोबाइलवर सेकंद मोजले. अडतीस. मग एकदम हुंदका दिल्यासारखा मोठा श्वास, कूस बदलली, परत घोरणं, आणि दीड-दोन मिनिटांत परत गप्प. तिसऱ्या वेळेला मी घाबरून उठून बसले तर अंधारातून स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "कोपर मार, हळू. कुशीवर वळतात."

आई, तू जागीच होतीस. मला तेव्हा लक्षात आलं की तू हे किती वर्षं करतेयस. झोपेत कोपर मारायचं, मग कान लावायचा, मग परत कोपर. आम्ही तुला म्हणायचो तुला दुपारी लगेच कसा गं डोळा लागतो.

जानेवारीत पुण्याला आणून जी टेस्ट केली ना, बोटाला क्लिप, नाकाखाली नळी आणि छातीला पट्टा लावून घरीच झोपवलं होतं ती, त्याचा रिपोर्ट बाबांनी लाइट बिलांच्या फाइलीत लावून ठेवलाय मला माहितीये. त्यात ४१ आकडा आहे. म्हणजे तासाला ४१ वेळा श्वास बंद पडतो किंवा अगदी कमी होतो, प्रत्येक वेळी दहा सेकंद तरी. पाचच्या खाली असेल तर नॉर्मल, तीसच्या वर गेलं की गंभीर. ऑक्सिजन एका ठिकाणी ७४ पर्यंत खाली गेलाय. कोविडमध्ये ९४च्या खाली आला की आपण धावाधाव करत होतो, आठवतंय ना. घसा झोपेत सैल पडतो, जीभ मागे जाते, वाट बंद. मेंदू दचकून उठवतो, बीपी वर जातं, परत झोप, परत तेच. तीन-तीन गोळ्या घेऊन बीपी का उतरत नाही, रात्री चार वेळा बाथरूमला का जावं लागतं, याचं निदान थोडं तरी कारण इथे आहे, सगळं प्रोस्टेटच्या माथी मारू नका. आणि मलकापूरच्या फाट्यावर जे झालं ते "जरा डोळा लागला" एवढंच नव्हतं बाबा. अप्पांचं पण रात्रीच झालं होतं. मी काही जोडत नाहीये, फक्त म्हणतेय.

आता डॉक्टरांचं. आपले गावातले डॉक्टर म्हणाले वय झालं की घोरणं चालायचंच, वजन उतरवा. त्यांना मी दोष देत नाही, त्यांनी आपल्याला किती वेळा तारलंय. पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांनी मशीन लागेल हे सांगितलं, ते बरोबरच सांगितलं. पण घ्यायचं ते खालच्या मजल्यावरच्या माणसाकडूनच, ब्याऐंशी हजार, मास्क वेगळा, आणि प्रेशर ठरवायला एक रात्र अ‍ॅडमिट, ती तारीख दोन महिन्यांनंतरची. मी विचारलं बाहेरून घेतलं तर चालेल का, तर म्हणाले "मग माझी जबाबदारी नाही." दोन महिने म्हणजे साठ रात्री, बाबा. मी गणित केलं, तुम्ही सात तास झोपता धरलं तर सतरा हजारांच्या वर वेळा श्वास अडकणार. ते आकडे करून मला झोप आली नाही.

दादा म्हणतो डॉक्टरला बाजूला ठेवून काही करू नकोस. त्याचं अर्धं बरोबर आहे. टेस्ट न करता कुणी नुसतं घोरतो म्हणून मशीन मागवलं असतं तर मी पण मूर्ख म्हणाले असते. हृदय कमजोर असेल, फुफ्फुसाचा जुना आजार असेल, किंवा श्वास घशामुळे नाही तर मेंदूच हुकूम द्यायला विसरतो म्हणून थांबत असेल, तर हे घरी ठरवायचं काम नाही. पण बाबांची टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, मागच्याच वर्षी चांगली आली, आणि रिपोर्टमध्ये जवळजवळ सगळे श्वास घशाशीच अडकलेत असं स्पष्ट लिहिलंय. आजार डॉक्टरांनीच सांगितला, मी फक्त दुकान बदललं. आणि अ‍ॅडमिट होण्याऐवजी ऑटो मशीन घेतलं, जे रात्रभर स्वतःच बघतं कुठे अडतंय आणि तेवढाच दाब वाढवतं.

खरं सांगू का, आधी मी सेकंडहँड घेणार होते, अठरा हजारांत मिळत होतं, माणूस भला वाटत होता. मग कळलं २०२१ मध्ये एका मोठ्या कंपनीने जगभरातून लाखो मशीनं परत मागवली होती, आतला आवाज दाबायचा फोम झिजून त्याचे कण श्वासात जायची भीती म्हणून. विकणाऱ्याला मॉडेल नंबर विचारला तर त्याने उत्तरच दिलं नाही. मग म्हणलं नको, नवीनच घेऊ, बिल आणि वॉरंटीसकट. सत्तेचाळीस हजार, मास्क धरून. घ्या, सांगितली किंमत. सुहासला विचारूनच घेतलंय, त्याने उलट "इतके दिवस काय केलंस" म्हणलं. पैसे पाठवायचा प्रयत्न करू नका, मी परत पाठवीन आणि मग दोघांचं ट्रान्झॅक्शन फुकट.

बाबा, हे तुम्हाला आवडेल, मला खात्री आहे. ऑक्सिजन नाहीये हा तो, आई, शेजारी सांगू नकोस "ह्यांना ऑक्सिजन लागला" म्हणून. साधी खोलीतली हवा, छोटा पंखा ती जरा दाबाने नाकात सोडतो आणि त्या दाबाने घसा उघडा राहतो. बस. तुमच्या गाडीच्या ब्रेकच्या टाकीत सात-आठ किलो प्रेशर असायचं ना, इथे दहा सेंटिमीटर पाण्याएवढं, म्हणजे एका किलोचा शंभरावा भाग. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन नावाच्या डॉक्टरांनी हे शोधलं, १९८१ मध्ये त्यांनी पाच पेशंटांवरचं छापलं, आणि सुरुवातीची मशीनं त्यांनी व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरवर बनवली होती. डेपोतलाच जुगाड. तुम्ही असता तर तुम्ही पण केला असता.

पण म्हणून उघडून बघायचं नाही. बाबा, प्लीज. मिक्सरचं काय झालं होतं ते आईला विचारा.

मास्कचा मी सगळ्यात जास्त विचार केला. नाक-तोंड दोन्ही झाकणारा मोठा मास्क मिशीवर नीट बसत नाही, बाजूने हवा सुटते आणि डोळ्यात जाते. मिशी काढा असं सांगायची माझी हिंमत नाही, (आई हसू नकोस), म्हणून नाकपुडीला टेकणाऱ्या दोन मऊ उशा असतात तसला घेतलाय, मिशी जिथल्या तिथे. तोंड उघडं पडलं तर हनुवटीला पट्टा बांधू, ते नंतर बघू. लाइट गेली तर गुदमरणार नाही आई, मला माहितीये तुझ्या मनात पहिलं तेच आलं असणार. तोंड मोकळंच आहे, मास्कला भोकं पण असतात, जाग येईल, काढून ठेवायचा. इन्व्हर्टरवर पण चालतं, फक्त पाणी गरम करायचं बटण तेव्हा बंद करायचं, ते जास्त खातं. आवाज आपल्या हॉलमधल्या पंख्याहून कमी. हो, त्या पंख्याहून कमी म्हणजे काय मोठं सांगितलं, पण खरंच कमी.

पाण्याचं नीट ऐका. त्यात एक छोटी टाकी असते, हवा कोरडी लागू नये म्हणून. बोअरचं पाणी घालायचं नाही, पांढरा थर बसतो. आणि बाबा, बॅटरीत घालायचं पाणी तर अजिबात नाही, मला माहितीये माळ्यावर पाच लिटरचा कॅन आहे आणि तुम्ही म्हणणार डिस्टिल्डच आहे की. ते बॅटरीसाठी आहे, तुमच्या नाकासाठी नाही. मेडिकलमधून आणायचं, रोज सकाळी उरलेलं ओतायचं. आई, नाकाचा भाग रोज साध्या साबणाने, नळी आठवड्यातून एकदा, डेटॉल नको, फिनेल नको, आणि नळी गच्चीवर पापडांशेजारी उन्हात वाळत घालायची नाही, सावलीत टांगायची. एवढं झालं.

पहिले चार-पाच दिवस त्रास होईल. "हे काय तोंडावर कुत्र्याचं मुसकं" असं तुम्ही म्हणणार, म्हणा. रात्री एकदम लावू नका, संध्याकाळी बातम्या बघताना अर्धा तास लावून बसा, सवय होते. रात्री काढून फेकलंत तरी चालेल, परत लावायचं, तीन तास झाले तरी पहिल्या आठवड्याला पुष्कळ. किती तास लावलं, हवा किती सुटली, श्वास किती अडकले, सगळं माझ्या मोबाइलवर दिसणार आहे, त्यामुळे "लावलं होतं की गं" चालणार नाही. हो, पाळत ठेवणार आहे मी. दहावीत माझ्या ट्यूशनच्या बाहेर स्कूटर लावून कोण उभं राहायचं?

तोपर्यंत दोन गोष्टी. त्या शेजारच्या काकांकडून आणलेली झोपेची अर्धी गोळी बंद, आजपासून, ती घसा अजून सैल करते. आणि स्कूटरची किल्ली आईकडे. रागावू नका बाबा, तुमच्या ड्रायव्हिंगवर मला शंका नाही, कधीच नव्हती, तुमच्या झोपेवर आहे. भाजी आणायला चालत जा, गुडघा दुखला तर रिक्षा करा.

महिन्याभराने मशीनमधलं नोंदींचं कार्ड घेऊन आपण दोन्ही डॉक्टरांकडे जाऊ, मीच सांगीन की मी परस्पर घेतलं. मोठ्या डॉक्टरांनी ओरडायचं तर मला ओरडतील, आणि आकडा पाचच्या खाली आला नसेल तर मी गपचूप ती अ‍ॅडमिटची तारीख घेईन, शब्द आहे. तुम्हाला वाईट वाटलं असेल की हिने आपल्याला न विचारता ठरवलं, तर ते खरंच आहे, ठरवलं. विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असता पुढच्या वर्षी बघू, आणि आई म्हणाली असती मला काही त्रास होत नाही.

मी शनिवारी सकाळच्या एसटीने येतेय, पोरांना सुहासकडे ठेवून, दोन रात्री राहीन आणि स्वतः लावून देईन. दाब आधी सहावर ठेवू, एकदम कमी ठेवला तर हवा पुरत नाही असं वाटतं आणि जास्त ठेवला तर पोटात जाऊन पोट फुगतं. आई, तू स्वयंपाकघरातली गादी उचल, आतल्या खोलीत घाल. मी हॉलमध्ये झोपेन. आणि काही करू नकोस, कळण्याची भाकरी आणि ठेचा चालेल, बरं, केलंसच तर पुरणपोळी दोनच.

गुरुवारी बॉक्स आला की सही करून घ्या आणि तसाच कपाटावर ठेवा. उघडला तरी थर्माकोल फेकू नका, परत पाठवायची वेळ आली तर लागतो. बाबा, तुम्ही उघडणार आहात मला माहितीये.

तुमची,
मनू