कॉइल सरकली तर काय, हेही आधी सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘कवटी न उघडता ॲन्युरिझमवर उपचार’ हा आपल्या आरोग्य पुरवणीतला लेख वाचला. ॲन्युरिझम म्हणजे मेंदूतल्या धमनीला आलेला फुगवटा; त्यात बारीक तारेची कॉइल भरून तो आतून बंद करतात. त्यात चुकीचे काही नाही. १९९० मध्ये लॉस एंजेलिसला डॉ. गुलिएल्मी यांची आत ढकलणाऱ्या तारेपासून सुटी होणारी प्लॅटिनमची कॉइल पहिल्यांदा रुग्णात वापरली गेली आणि कवटी उघडून केलेली शस्त्रक्रिया आणि कॉइल यांची तुलना करणाऱ्या २००२ च्या आयसॅट चाचणीने तिला मान्यता मिळवून दिली. कॅथलॅबमध्ये, म्हणजे असे नळीवाटे उपचार करतात त्या खोलीत, परिचारिका होते, त्यामुळे जांघेतून नळी घालून वाचवलेले रुग्ण मी स्वतः पाहिले आहेत.

पण काम बिघडले तर काय, हे लेखात नाही आणि नातेवाइकांनाही कुणी धड सांगत नाही. सुटी करण्याआधी कॉइल मागे घेता येते. सुटल्यावर ती घसरून मुख्य धमनीत आली, तर रक्त अडून पक्षाघात होऊ शकतो. कधी ती उसवलेल्या लोकरीसारखी ताणली जाते. पुढे जाईना, मागे येईना, ओढावी तर तुटायची भीती. मग तारेचा फास, म्हणजे स्नेअर, टाकून पकडायची, किंवा गुठळी काढायच्या जाळीदार स्टेंटने ओढायची. नाहीच निघाली तर स्टेंट उघडून धमनीच्या भिंतीशी दाबून ठेवायची. पुढे कित्येक महिने रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या. फुगवटा फुटला तर धांदल निराळी: आत गेलेली कॉइल घाईने ओढायची नाही, बलूनने धमनी तात्पुरती बंद करायची, रक्त गोठू नये म्हणून दिलेले हेपॅरिन उतरवायला प्रोटामिन द्यायचे आणि कॉइल भरत राहायचे. प्रोटामिन ट्रॉलीवर हाताशी हवे, यावर आमच्या इन्चार्ज सिस्टर कुणाचे ऐकत नसत. बरोबरच होते त्यांचे.

स्नेअरच्या बाबतीत मात्र हा कटाक्ष नव्हता. क्वचितच लागतो, म्हणून ठेवत नाहीत. लागला की डीलरला फोन. त्याचा माणूस मोटारसायकलवरून येईपर्यंत रुग्ण टेबलावर, डॉक्टर ग्लोव्ह्ज घालून ताटकळत, हे मी पाहिले आहे. बाहेर रुग्णाच्या मुलाला सांगितले जात होते, ‘जास्तीचे सामान लागतेय, पैसे भरा, इथे सही करा.’ इस्टिमेटमध्ये त्याचा उल्लेखही नव्हता.

स्नेअर आणि बलून खोलीत आल्याशिवाय केस सुरू करू नये. संमतीपत्र मराठीत असावे, त्यात कॉइल घसरणे, ताणणे, फुगवटा फुटणे हे स्पष्ट लिहावे आणि इस्टिमेटमध्ये ‘लागल्यास’ म्हणून या सामानाची किंमत वेगळी दाखवावी. खर्चाची सबब चालणार नाही. हृदयाचे स्टेंट डीलर रुग्णालयात ठेवून जातात, वापरले तेवढ्याचेच बिल होते. स्नेअरही तसाच ठेवता येईल.

– एक निवृत्त परिचारिका, सांगली