निर्वासितांची मुलाखत तालमीत नको

महोदय,

निर्वासितांच्या रंगभूमीवरील आपल्या पुरवणीतल्या लेखात नाटकाने निर्वासितांना ‘आवाज मिळवून देणे’ हे शब्द वारंवार आले. पण ब्रिटनमध्ये आश्रय मागणाऱ्याने आपली हकिगत सरकारी अधिकाऱ्याला आधीच तारीखवार सांगितलेली असते आणि तिची नोंद झालेली असते. पुढे कुठे तारीख किंवा गावांचा क्रम बदलला, की त्याच्या खरेपणावर शंका घेतली जाते. नाटककार मात्र सहज दोन प्रसंगांचा एक करतो, उन्हाळ्यातली घटना थंडीत नेतो. म्हणून आश्रयाच्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत खरा तपशील संहितेत घेऊच नये. घ्यायचाच असेल, तर आधी त्या माणसाच्या वकिलाला विचारावे.

लंडनच्या ‘आइस अँड फायर’ या संस्थेची पद्धत इथे उपयोगी पडते. निर्वासितांची निवेदने नट हातात संहिता धरून वाचतात, नेपथ्य जवळजवळ नसतेच. सांगणाऱ्याला चेहरा दाखवावा लागत नाही. शिवाय सरकारी निवारा मिळालेल्या माणसाला अचानक दुसऱ्या शहरात हलवले जाते. मुख्य भूमिका त्याचीच असेल, तर प्रयोग कोसळतो. वाचनात दुसरा नट उभा करता येतो.

तालमीत सर्वात जास्त घोळ दुभाष्यामुळे होतो. ‘कुर्दी येते’ एवढ्याने भागत नाही; सोरानी आणि कुरमांजी या कुर्दीच्या दोन वेगळ्या बोली. सोरानी बोलणाऱ्याला कुरमांजीचा दुभाषी दिला, तर दोघेही संकोचाने मान डोलावत राहतात आणि लिहिणारा भलतेच लिहून घेतो. दुभाष्याने ‘तो म्हणतो की’ न लावता ‘मी’नेच बोलावे. दुभाषी सांगणाऱ्याच्याच लहानशा वस्तीतला नसलेला बरा, कारण बातमी मायदेशी पोचते. पहिल्या बैठकीत ‘काय झाले’ हा प्रश्न टाळावा. घरी भात कसा शिजतो, पोरे कोणते खेळ खेळतात, इथून सुरुवात करावी. लिहिलेला मजकूर सांगणाऱ्याच्या भाषेत त्याला वाचून दाखवावा. प्रयोगाच्या आदल्या दिवशी त्याने ‘नको’ म्हटले, तरी तो भाग निमूटपणे गाळावा.

पैशांचेही बघावे लागते. अर्ज प्रलंबित असताना बहुतेकांना कामाची परवानगी नसते. मानधनाचे पाकीट दिले, तर त्यांच्याच अंगाशी येते. स्वयंपाकाची सोय असलेल्या निवाऱ्यात राहणाऱ्याला आठवड्याला सुमारे 49 पौंड मिळतात. त्यातून तालमीचे बसभाडे निघत नाही. ते आणि जेवण संस्थेने द्यावे. सरकारी कार्यालयात हजेरी लावायला जायचा दिवस विचारून मगच तालमीची वेळ ठरवावी.

गंमत अशी, की या विषयावरचे सर्वात गाजलेले पात्र मुके आहे. 2021 मध्ये तुर्कस्तानातल्या गाझियान्तेपहून मँचेस्टरपर्यंत सुमारे 8,000 किलोमीटर फिरलेली ‘अमल’ ही निर्वासित मुलीची साडेतीन मीटर उंचीची बाहुली एक शब्दही बोलत नाही. आत उंच काठ्यांवर उभा असलेला कलावंत दोऱ्यांनी तिचा चेहरा हलवतो, हात दोघे जण सांभाळतात. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या कळसूत्रीवाल्यांना हे लगेच उमगेल. तरीही ग्रीसमध्ये लारिसाला तिच्यावर दगड पडलेच.

आपल्याकडे 1951 च्या निर्वासित करारावर भारताची सही नाही, त्यामुळे कायद्याचा आधार आणखी तोकडा. महाराष्ट्रात तिकीट लावून असे नाटक करायचे, तर संहिता आधी मंजुरीसाठी सरकारच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे जाते. खरी नावे, गावे आणि ओळखपत्रांचे तपशील त्या प्रतीतूनच काढलेले हवेत. तालमीच्या प्रतीत बदलू म्हणून ठेवले, तर उशीर झालेला असतो.

– एक रंगकर्मी, पुणे